देवगडातली चूल: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५

९ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातली जुनी चूल यंदा पाडायची, हे घरात मान्य झालं. गॅस आहेच. पण उकड्या तांदळाची पेज, माशाचं सार, चतुर्थीचा मोठा स्वयंपाक आणि पावसात वीज गेली की न्हाणीचं पाणी, हे सगळं अजून लाकडावर चालतं. चूल मातीची आहे, औल (मुख्य तोंड) आणि वैल (जोडीचं तोंड) अशी जोडचूल. धुराडं नाही. धूर कौलांच्या फटींतून वाट मिळेल तसा जातो, उरलेला काकीच्या डोळ्यांत.

आज पाडलं काहीच नाही, आधी मोजमाप घेतलं. टोपात ५ लिटर पाणी, २८ अंशांवर. उकळी येईपर्यंत वाळकं ऐनाचं लाकूड सुमारे १.१ किलो गेलं. पाण्याने घेतलेली उष्णता साधारण १.५ मेगाज्यूल. हवेत वाळलेलं लाकूड किलोमागे सुमारे १४ मेगाज्यूल देतं, म्हणजे जाळलं १५.४ मेगाज्यूलचं. दहा टक्के कामी आले. बाकीचे नव्वद चुलीची माती तापवण्यात, भांड्याच्या बाजूने निसटलेल्या ज्वाळेत आणि धुरात गेले. वाफ होऊन गेलेलं पाणी आणि मागे उरलेले निखारे या हिशेबात धरलेले नाहीत. घरगुती मोजणीला एवढं पुरे. नव्या चुलीवर हेच पाणी, हाच टोप, हेच लाकूड वापरणार.

१६ फेब्रुवारी

मेस्त्री मार्चशिवाय मोकळे नाहीत. त्यामुळे आधी लाकूड. मेस्त्रींना घाई का नाही, तेही फोनवर कळलं: "लाकडां सुकी असली तर खंयचीय चूल पेटता. वली असली तर सोन्याची घातलास तरी धुमसतली."

जमलेला माल असा: कुंपणाजवळची पडलेली सुरू, मागच्या वर्षी तोडलेली अकेशिया (गावात तिला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात), कलमांच्या छाटणीतल्या आंब्याच्या फांद्या, थोडं जुनं ऐन. सुरू आणि ऐन जड लाकडं, निखारा टिकतो. आंबा हलका, लवकर पेटतो, लवकर संपतो, सकाळच्या चहाला बरा. उभं झाड तोडायचं असेल तर १९६४चा झाडतोडीचा कायदा आहे. ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर, साग ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कांदळवनाला तर हातच लावायचा नाही.

खालच्या वाडीतून दोन गोष्टी फुकट मिळत होत्या, दोन्ही नाकारल्या. एक, काजूची टरफलं. ती भडाभडा जळतात, पण त्यांतलं तेल कातडीवर फोड आणतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. कारखान्याच्या भट्टीची गोष्ट वेगळी, स्वयंपाकघरात ती नकोत. दुसरी, जुन्या होडीच्या फळ्या आणि किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके. फळ्यांवर रंगाचे थरच्या थर असतात. खाऱ्या लाकडातलं क्लोरीन धुराडं आतून खातं आणि विषारी धूर करतं. फुकटचं म्हणून आणणारे पुष्कळ आहेत, पण पत्रा तीन पावसाळ्यांत चाळणी होतो.

२३ फेब्रुवारी

दिवसभर कुऱ्हाड आणि पाचर. मनगटापेक्षा जाड काहीही ठेवायचं नाही, असं ठरवलं. ओंडक्याला साल म्हणजे रेनकोट. पाणी मुख्यतः दोन्ही टोकांकडून निघतं, सालीतून फारसं नाही. चिरलं की आतली बाजू उघडी पडते. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जाळायला ते वीस टक्क्यांच्या खाली आलेलं हवं.

ओल्या लाकडाचा हिशेब लोक चुकीच्या जागी करतात, म्हणून इथे मांडून ठेवतो. १ किलो पाण्याची वाफ करायला २.२६ मेगाज्यूल लागतात, शिवाय ते शंभर अंशांपर्यंत तापवायला थोडे वेगळे. समजा, १ किलो लाकडात ४०० ग्रॅम पाणी आहे. ते उडवायला सुमारे १ मेगाज्यूल गेला. उरलेल्या ६०० ग्रॅम कोरड्या लाकडात ११ आहेत. म्हणजे तोटा दहाव्या हिश्शाचा, तो सोसला असता. खरा तोटा पुढे आहे. लाकूड थेट जळत नाही. तापलं की त्यातून वायू निघतो आणि तो जळतो. लाकडाच्या कोरड्या वजनाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग असा वायूरूपाने जातो. हा वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या वरची जागा लागते. पाण्याची वाफ तीच जागा थंड ठेवते. मग वायू न जळता वर जातो आणि आपण त्याला धूर म्हणतो. धूर म्हणजे भांड्याखाली न जळलेलं लाकूड. फुंकणीने डोळे लाल करून घेण्यात अर्थ नाही, ती हवा देते, कोरडेपणा देत नाही.

२ मार्च

लाकडांची खोप उभी राहिली. खाली दोन थर चिरे, त्यावर आडवे वासे, मग लाकूड. जमिनीपासून वीतभर वर, नाहीतर वाळवी आधी जेवते. वर पत्रा, पश्चिम आणि दक्षिण बाजूला नारळाच्या विणलेल्या झापांची भिंत, कारण पावसाळी वारा नैऋत्येचा. पूर्व बाजू मोकळी. रचताना थरांत फटी ठेवल्या, वारा आरपार जायला हवा. ताडपत्री चारही बाजूंनी लपेटली की आतल्या आत घाम धरतो आणि लाकडाला बुरशी येते. हे गावात दर पावसाळ्यात दिसतं, तरी ताडपत्री लपेटणं कोणी सोडत नाही.

घरातल्या मुलांना नियम: खोपीत हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं, मग वरून उचलायचं, पायांत बूट, संध्याकाळनंतर बॅटरी. देवगडचा कातळ आणि चिऱ्यांचे ढीग फुरसं या विषारी सापाला फार आवडतात, लाकडांची रास तर तयार घर. म्हणून खोप घरापासून दहा-बारा पावलं लांब. घराला चिकटून नको हे आगीच्या दृष्टीनेही बरं.

१६ मार्च

मेस्त्री आले. आराखडा जमिनीवर कोळशाने काढला. दोन भांड्यांची चूल, मागे धुराडं.

धुराड्याची चूल ही काही नवी कल्पना नाही. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल स्वातंत्र्याच्या आगेमागे लोकांना माहीत होती. १९५३ साली एस. पी. राजू यांनी हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतून निर्धूर स्वयंपाकघराचा प्रसार केला. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची ‘अस्त्र ओले’ ही चूल आली (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल), १९८०च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. मेस्त्रींनी स्वतः तरुणपणी तशा चुली घातल्या होत्या. पाइप कोणी साफ केले नाहीत, काजळीने ते तुंबले, धूर परत घरात आला आणि लोकांनी पाइप काढून टाकले. त्यांचं म्हणणं असं की चुली वाईट नव्हत्या, पाइपात हात घालायला जागा ठेवली नव्हती. आपल्या पाइपाला खाली टी (T आकाराचा जोड) आणि बूच ठेवायचं, हे तिथेच ठरलं.

काकीची हरकत वेगळी: "धूर बंद केलंस तर वाशांका वाळवी लागतली. मगे काय करतलंस?" हरकत खरी आहे. धुरातल्या फिनॉलसारख्या घटकांनी वासे, रिपा, माळ्यावरची सुकी मासळी, लसणीच्या जुड्या इतकी वर्षं टिकल्या. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचं ठरलं. होड्यांना लावतात तेच. हातमोजे घालून, चूल पेटण्याच्या पुष्कळ आधी, पूर्ण सुकू देऊन. मासळी आणि लसूण मात्र मांगरात, म्हणजे बाहेरच्या खोपटात, हलवावी लागणार. काकी यावर खूश नाही.

२९ मार्च

बांधकाम. बाहेरची चौकट जांभ्याच्या चिऱ्यांची. आतली भट्टी चिऱ्यांची करायची नाही, यावर मेस्त्री आणि मी एकमत. चिरा सच्छिद्र, पाणी धरणारा आणि वजनदार. तापायला वेळ घेतो आणि सुरुवातीची सगळी उष्णता स्वतः गिळतो. आतून हलकं, पोकळ अस्तर हवं. लाल माती आणि वारुळाची माती मिळून तीन घमेली, भाताचं तूस एक घमेलं, चाळलेली राख थोडी. पहिल्या जाळात तूस जळून जातं आणि मातीत बारीक पोकळ्या उरतात. त्याच उष्णता अडवतात. जिथे ज्वाळा थेट आपटते तिथे भट्टीची वीट. सिमेंट भट्टीत कुठेही नाही. चारशे-पाचशे अंशांवर त्यातला चुना फुटतो आणि सगळं भुसभुशीत होतं. बाहेरच्या चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट चालतं.

लाकडाचं तोंड साडेपाच इंची. ते पाहून काकी म्हणाली की यात काय, काड्या घालायच्या? हो, तसंच. तोंड मोठं ठेवलं की लोक ओंडके घालतात, थंड हवाही भरपूर आत येते. तळापासून दीड इंच वर सळयांची जाळी. लाकूड जाळीवर, हवा जाळीखालून. राख खाली पडते, निखाऱ्यांना खालून वारा मिळतो. दुसऱ्या भांड्याखाली बोगद्याच्या तळाला मातीचा उंचवटा. तो नसला तर गरम हवा खालून सरळ धुराड्यात पळते आणि वैलावरचं भांडं कोमट राहतं.

१३ एप्रिल

अस्तर सावलीत सुकतंय, भेगा बारीक आहेत, त्या पातळ मातीने लिंपल्या. आज धुराडं.

पाइप चार इंची. चुलीपासून पहिले तीन फूट साधं जाड लोखंड, वरचा भाग ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील. फॅब्रिकेशनवाला गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा स्वस्त पाइप गळ्यात मारायला बघत होता. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, चुलीजवळच्या भागात ते नको. वरच्या भागात चाललं असतं, पण खाऱ्या वाऱ्यात त्याचं आयुष्य किती, हे शेजारच्या पडवीचा पत्रा सांगतो. जुन्या सिमेंटच्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं, ते कापायचा विचारही नको.

सगळ्यात वेळ गेला तो कौलातून बाहेर काढण्यात. तापलेला एकेरी पाइप लाकडापासून दीड फूट लांब हवा. वाशांमधलं अंतर तेवढं नाही. म्हणून एक वासा कापून दोन्ही बाजूंना आडवा तुकडा घातला आणि मधल्या चौकोनात पत्रा बसवला. पाइपाभोवती मोठं पत्र्याचं कडं, मध्ये हवेची फट. वर्षानुवर्षं रोज भाजलेलं लाकूड हळूहळू कोळशासारखं होतं आणि मग कमी तापमानालाही पेटू शकतं. त्यामुळे "इतकी वर्षं काही झालं नाही" याला इथे किंमत नाही.

पाइपाची उंची कौलाच्या वर तीन फूट आणि दहा फुटांच्या आत जे काही सर्वांत उंच आहे त्याच्या वर दोन फूट. आमच्याकडे ते आढं निघालं. त्यामुळे पाइप जरा विचित्र उंच दिसतो. तीन बाजूंनी तारा ताणल्या. वर टोपी.

२६ एप्रिल

मोजणीआधी आठवडाभर रोज थोड्या काटक्यांचा जाळ केला, अस्तरातलं पाणी सावकाश निघावं म्हणून. एकदम मोठा जाळ केला असता तर अस्तर तडकलं असतं.

आज मोजणी. तेच ५ लिटर, तोच टोप, तेच ऐन. लाकूड लागलं सुमारे ६५० ग्रॅम. हिशेब साडेसोळा टक्क्यांचा. वैलावरच्या ३ लिटर पाण्याने तेवढ्यात ६५ अंश गाठले होते, ते धरलं तर पावणेबावीस. भारतीय मानकात (आयएस १३१५२) पंख्याशिवायच्या, उचलून नेता येणाऱ्या चुलीकडून किमान २५ टक्के मागितले आहेत. आमची बांधीव चूल त्या मानकात बसत नाही, पण आकडा समोर असला की फुशारकी मारली जात नाही.

चूल चालवण्याची पद्धत काकीने दोन वेळांत पकडली. खाली चुडताचे हीर (नारळाच्या झावळीच्या काड्या) आणि काटक्या, वर दोन बारीक फोडी. रॉकेल नाही. लाकडं टोकांकडून जळतात, जळेल तसं आत सरकवायचं, एका वेळी तीन-चारच, मध्ये बोटभर फट. एकटं लाकूड विझतं, गच्च भरलेली गुदमरतात. वैलावर भांडं नसेल तर झाकण ठेवायचं, नाहीतर धुराडं तिथून थंड हवा ओढतं आणि औलाचा ओढा, म्हणजे हवा ओढण्याचा जोर, मरतो. ज्वाळा भांड्याच्या वर दिसली तर लाकूड जास्त झालंय. बाहेर धुराड्यातून पेटवताना पाचेक मिनिटं धूर दिसतो, मग फक्त हवा थरथरताना दिसली पाहिजे. करवंट्या शेवटी, भाकरीच्या वेळी, त्यांचा जाळ एकदम चढतो.

गॅसचा सिलिंडर चुलीच्या खोलीतून बाहेरच्या पडवीत गेला. चुलीपुढची तीन फूट जागा मोकळी, शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं. नायलॉनची साडी किंवा गाऊन घालून चुलीपुढे बसायचं नाही. काकी सुतीच नेसते, हे वहिनीसाठी.

२७ मे

बेत असा होता की लाकूड महिनाअखेरपर्यंत उन्हात, मग खोपीत. २०च्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. हवामान खात्याने २४ला मोसमी पाऊस केरळात आल्याचं जाहीर केलं, एरवीची तारीख १ जून. २५ला तो देवगडात, २६ला मुंबईत, जिथे तो ११ जूनला अपेक्षित असतो. कलमांवर शेवटचे आंबे होते, खळ्यात कोकमाची सोलं वाळत होती आणि बेगमीची निम्मी फाटी (जळाऊ लाकडं) उघड्यावर. सोलं आधी उचलली गेली, ते योग्यच.

लाकडं आज सगळी खोपीत. ओली झालेली पूर्वेच्या मोकळ्या बाजूला, वेगळी.

१५ जून

ओलावा मोजायचा दोन टाचण्यांचा काटा मुंबईहून भावाने पाठवला. लाकूड फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर टोचायचं, बाहेरून टोचलं तर खोटा आकडा येतो. हा काटा कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के सांगतो. काट्यावर २५ म्हणजे एकूण वजनाच्या हिशेबाने २०.

बारीक फोडलेली अकेशिया २१. तीच, तीच रास, न फोडलेला ओंडका ३८. सुरू फोडलेली २४. मेमध्ये भिजलेली पण चिरलेली आंब्याची लाकडं २३ वर परत आली आहेत. पावसाचं पाणी वरवरचं असतं, दोन आठवड्यांच्या वाऱ्यात गेलं. आतला मूळ रस मात्र फोडल्याशिवाय जात नाही. फेब्रुवारीतली कुऱ्हाड आत्ता कामी आली, मेच्या उन्हाचे बुडालेले दिवस फारसे नडले नाहीत. याहून कोरडं आता होणारही नाही. हवेत नव्वद टक्के आर्द्रता असली की छपराखालचं लाकूडही विशीच्या आसपास येऊन थांबतं.

काटा नसेल तर दोन फोडी एकमेकींवर आपटायच्या. सुकी खणखणते, ओली थप्प करते. मेस्त्री एवढ्यावरच सांगतात आणि काट्याशी त्यांचं जमतं.

उद्याची लाकडं आज चुलीच्या कडेच्या कट्ट्यावर ठेवतो, तोंडापासून हातभर लांब. वर माळ्यावर किंवा तोंडाखाली नाही. रात्री झोपताना तिथून काढायची, हा भाग रोज कोणालातरी आठवावा लागतो.

६ जुलै

नैऋत्येचा वारा जोरात असला की धूर उलटा येतो, पेटवताना विशेष. थंड पाइपात थंड हवेचा खांब बसलेला असतो, वरून वारा दाबतो. उपाय दोन. आधी बुचातून जळता कागद पाइपात धरायचा, पाइप गरम झाला की ओढा लागतो. आणि साधी टोपी काढून आडव्या-उभ्या पाइपांची एच आकाराची टोपी बसवली. वारा कुठूनही आला तरी फरक पडत नाही. छपरावर मेस्त्रींचा मुलगा चढला, पाऊस थांबलेला असताना, कमरेला दोर बांधून.

टोपी उतरवली तेव्हा आत पाहिलं. वरच्या दोन फुटांत काळा, चिकट, डांबरासारखा थर. पाइप वर गार पडतो, तिथे न जळलेला धूर गोठतो. हाच थर पुढे पेटला की धुराड्यात आग लागते, खालून रेल्वे गेल्यासारखा आवाज येतो आणि पाइप लाल होतो. तसं झालं तर लाकडाचं तोंड आणि हवेची वाट बंद करायची, घराबाहेर पडायचं, पाइपावर पाणी ओतायचं नाही. थर सगळा त्या पंधरवड्यातला आहे जेव्हा पाहुण्यांनी सोयीसाठी ओंडके घातले. तारेचा ब्रश दोरीला बांधून वर-खाली केला, खाली बुचातून काजळी काढली. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने.

२० जुलै

धाकट्या वहिनीने निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत नेली, बाळाची दुपटी वाळवायला, खिडक्या बंद करून. कोकणात पावसाळ्यात घरोघरी हे करतात. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पण कार्बन मोनॉक्साइड त्यांतूनच निघतो, त्याला ना वास ना रंग. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. शेगडी लगेच पडवीत आणली. दुपटी आता चुलीच्या खोलीत दोरीवर, चुलीपासून चार फूट लांब, खिडकी उघडी, धुराडं चालू. राखही पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, चिऱ्यावर. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा सापडतो.

२४ ऑगस्ट

चतुर्थी परवाच्या दिवशी नाही, तेरवा. मुंबईकर येऊ लागले. मोदकपात्र वैलावर बसतं, भाताचा रोजचा टोप औलावर. पण पंचवीस माणसांच्या उसळीचं पातेलं बसत नाही. चुलीचं कडं रोजच्या टोपाभोवती बोटभर फट राहील असं घातलंय, त्या फटीतूनच गरम हवा भांड्याला घासून वर जाते. मोठं पातेलं कड्यावर टेकतं, फट बंद होते, ओढा तुटतो आणि धूर तोंडातून बाहेर येतो. तीन छोट्या विटा ठेवून पातेलं उचलून पाहिलं. चालतं, पण बाजूने ज्वाळा निसटते आणि पुन्हा जुन्या चुलीइतकंच लाकूड खातं.

मेस्त्रींनी मोठ्या पातेल्याचं माप घेतलंय. सुटं, काढता-घालता येणारं मोठं कडं दिवाळीनंतर करायचं. तोवर उसळ मागच्या खळ्यात, तीन चिऱ्यांवर. काकीने तिथली जागा आजच शेणाने सारवली.